अकराव्या तारेची जवारी

उंदीर मरून दोन तास झाले होते आणि त्याचा मेंदू अजून बोलत होता.

मिरजेत मला ओळखणारी माणसं हे वाचून हसतील. रामलिंग गुरवानं आणखी एक सोडली, म्हणतील. पण नाही. या गोष्टीतल्या बाकी कशावरही शंका घ्या, एवढं वाक्य अगदी खरं आहे. मेंदूची पापडाहून पातळ चकती कापायची, बशीत कोमट मीठपाण्यात ठेवायची, पाण्यात प्राणवायूचे बुडबुडे सोडत राहायचे, की धनी गेला तरी चकती सहा-सात तास जगते. तिच्यात तार उतरवून स्पीकर लावला की तव्यावर मोहरी तडतडल्यासारखा आवाज येतो. त्या दिवशी दुपारी बाराच्या सुमाराला तशी मोहरी तडतडत होती, प्रिंटरमधून करकर करत कागद बाहेर येत होता, आणि मोघेसर एकाएकी उठले ते स्टूल पाडूनच.

"अकरा! गुरव, अकरावर बघा!"

मी बघितलं. कागदावर सोळा जागा होत्या. बहुतेक जागी रेघ उन्हातल्या कुत्र्यासारखी निवांत पडली होती. अकराव्या जागी मात्र डोंगर उभा, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना, दहावर आणि बारावर, एकेक खड्डा.

"शालन, परत काढ."

"तीनदा काढलं, सर."

"चौथ्यांदा काढ."

चौथ्यांदाही डोंगर. सरांनी चष्मा काढून पुसला, घातला, परत काढला. "सगळी पुस्तकं म्हणतात, मेंदूतला हा थर मुका. इथं काही घडत नाही म्हणे! आणि हा बघा, बोंब मारतोय!"

शालन बशीकडं बघत होती. तिथं बघणारी ती एकटीच होती.

हे सत्त्याऐंशी सालचं. मोघेसर म्हणजे आमच्या मेडिकल कॉलेजातल्या शरीरक्रिया विभागाचे प्रमुख. माणूस हुशार, कष्टाळू, फक्त आपलं नाव एखाद्या पुस्तकात छापून यावं एवढा एकच आजार. शालन मगदूम त्यांची पीएच.डी.ची विद्यार्थिनी, जयसिंगपूरकडची, जैनाघरची. आणि मी विभागाचा मेकॅनिक. त्याआधी अठरा वर्षं मामांच्या दुकानात तंबोरे केले. मिरजेत तंबोरा करणाऱ्याचा हात आणि कान दोन्ही तयार होतात. हात एवढा की केसाएवढ्या दांडीवर एकाखाली एक सोळा टोकं मी बसवली होती, प्रत्येक टोकाची तार वेगळी, प्रत्येक तारेचा अ‍ॅम्प्लिफायर वेगळा, आणि प्रत्येक अ‍ॅम्प्लिफायरवर आवाज कमीजास्त करायचा एक बारका स्क्रू. आणि कान एवढा की, एकदा मी असा तंबोरा लावला की समोरच्या गल्लीतली तीन वर्षं मुकी असलेली म्हैस हंबरली. ही गोष्ट मी विभागात आल्या आठवड्यातच सांगितली होती. तेव्हापासून माझ्या बोलण्याला तिथं काय किंमत होती ते निराळं सांगायला नको.

या सोळा टोकांवरून कोण बोलतंय ते कसं ओळखायचं, हे सरांनी आमच्या प्राचार्यांना चहाच्या वेळी समजावून सांगितलं. ते मीही ऐकलं, आणि आजतागायत त्याहून चांगलं कुणी सांगितलेलं नाही.

"असं समजा," सर म्हणाले, "लग्नाच्या मांडवात सोळा माणसं एका रांगेत बसवलीत, डोळे बांधून. मांडवात गलका चाललाय. प्रत्येकाला सगळ्यांचंच ऐकू येतं, जवळच्याचं मोठं, लांबच्याचं बारीक. आता नेमका कोण कुठं बसून बोलतोय हे शोधायचंय. नुसतं 'तुला किती ऐकू आलं' असं विचारून भागत नाही. प्रत्येकाची त्याच्या दोन्ही शेजाऱ्यांशी तुलना करायची. अकराव्याला दहाव्यापेक्षा जास्त आणि बाराव्यापेक्षाही जास्त ऐकू आलं, तर बोलणारा कुठं बसलाय?"

"अकराव्याच्या पुढ्यात," प्राचार्य म्हणाले.

"बरोब्बर! आणि तिथं कुणी बसलंय हे आजवर जगात कुणाला माहीत नव्हतं."

"म्हणजे मोघे, हे तुमच्याच नावानं ओळखलं जाणार की!"

"छे, छे," असं म्हणून सरांनी दोन पेढे एकदम तोंडात टाकले.

वर्ष उलटायच्या आत लेख छापून आला. बाहेरदेशी, चांगल्या गुळगुळीत कागदावर. सरांनी थराला कुठलंच नाव दिलं नव्हतं, पण ज्या तऱ्हेनं दिलं नव्हतं, त्यावरून पुढं कुणीतरी 'मोघे थर' म्हणावं हे स्पष्ट होतं. आणि तसं झालंही. लेखाच्या शेवटी बारीक अक्षरात एक ओळ होती: सोळा टोकांची तार बनवून ती जुळवल्याबद्दल श्री. आर. गुरव यांचे आभार. ते पान मी घरी नेऊन हिराला, म्हणजे आमच्या मंडळींना, दाखवलं. तिला इंग्रजी येत नव्हतं. "यातलं तुमचं नाव कुठलं?" म्हणाली. मी बोट ठेवलं. तिनं पदराला हात पुसून त्या जागेवरून बोट फिरवलं. मग ते पान देव्हाऱ्याच्या मागं चिकटवलं गेलं.

शालनचं मात्र निराळंच चाललं होतं. तिचा प्रबंधच त्या थरावर होता, आणि एका उंदरावर प्रबंध होत नाही. प्रयोग असेल त्या आठवड्याला एक उंदीर. तो ती स्वतः मारायची, दुसऱ्याला करू द्यायची नाही. आणि दुसऱ्या दिवशी एकाशन करायची, म्हणजे दिवसातून एकदाच, एका बैठकीत जेवायचं, पुन्हा काही नाही. मला हे कसं कळलं? चहा बंद केला म्हणून. मेकॅनिकला कुणी चहा नाकारला की तो कारण शोधतोच.

"ताई, गुरुवारी चहा का घेत नाही तुम्ही?"

"बुधवारी उंदीर असतो ना, मामा."

"घरी माहीत आहे?"

"घरी माहीत आहे की मी तारांवर काम करते." ती हसली. "आई विचारते, एवढी एकाशनं कशासाठी गं? मी म्हणते, परीक्षेसाठी. खोटं नाही ते."

"आणि परीक्षा झाल्यावर?"

"शोध खरा आहे ना, मामा. मग त्यातलं काही तरी फिटेल. मुलांच्या फिट्सवर वगैरे पुढं उपयोग होईल, सर म्हणतात. तसं झालं तर मी हे सहन करू शकेन."

तेव्हा उंदरांचा आकडा एकोणतीस होता. मी माझा चहा संपवला आणि कानस शोधायला गेलो. कानस माझ्या खिशातच होती.

मग पत्र आलं. नागपूरचे डॉक्टर देशकर परीक्षक म्हणून येणार, आणि नुसती तोंडी परीक्षा घेणार नाहीत, तर प्रयोग डोळ्यांसमोर बघणार. देशकर म्हणजे या विषयातला दबदबा. सरांनी भिंतीला रंग लावून घेतला. मला पांढरा कोट शिवून दिला. तो आजही आहे. आता बटणं लागत नाहीत.

परीक्षेच्या दोन दिवस आधी, सकाळी, मी विभागात शिरलो तर शालन माझ्या आधी आलेली. बशीसमोर बसलेली, हातात लांबलचक कागद.

"मामा, एक गंमत दाखवू?"

"दाखवा की."

"मिठाच्या पाण्यालाही अकरावा थर आहे."

मी हसलो. ती हसली नाही. मी बशीत वाकून बघितलं. चकती नव्हती. नुसतं पाणी, नुसते बुडबुडे, मधोमध माझी तार, आणि बशीच्या पार लांबच्या कडेला दुसरी एक तार, तिच्यातून ती विजेचे बारीक ठोके सोडत होती. एवढ्या लांबून आलेला ठोका सोळाही टोकांना सारखाच ऐकू यायला हवा. कागदावर सपाट रेघ यायला हवी. कागदावर अकराला डोंगर होता, आणि दहाला-बाराला तेच दोन खड्डे.

"ते खड्डे मला पहिल्यापासून टोचत होते," ती म्हणाली. "दोन्ही तंतोतंत सारखे. मेंदूत एवढी सरळ वाटणी कुठं असते का, मामा? भावाभावांत नसते." मग कागद खाली ठेवला. "सरांच्या मांडवातल्या अकराव्या माणसाचे कान तिखट आहेत. मांडव रिकामा असला तरी तो म्हणणार, माझ्या पुढ्यात कुणीतरी बोलतंय."

मी तो कागद उचलून उजेडात धरला.

"अकराव्या तारेचं काय केलं होतं तुम्ही?"

मग मी सांगितलं. त्या पहिल्या दिवशी सकाळी दांडी चकतीत उतरवून सगळ्या तारा एकेक करून स्पीकरवर ऐकल्या होत्या. नेहमी ऐकायचो. पंधरा छान तडतडत होत्या, अकरावी मंद. बद्द वाजत होती. तंबोऱ्यातली एखादी तार तशी वाजली तर आम्ही काय करतो? तारा टेकतात त्या घोडीवर हलकी कानस फिरवतो, तिची जवारी मोकळी करतो, की ती बाकीच्यांबरोबर गुंजायला लागते. ती बद्द का आहे हे विचारायचं नसतं. तंबोऱ्यात एका तारेनं गप्प बसायचं काही कारणच नसतं. तर मी अकराव्याचा स्क्रू अर्धा आटा फिरवला. तिचा आवाज मोकळा झाला. सोळाही एका सुरात आल्या, म्हणजे माझ्या कानाला.

"म्हणजे अकरावी बद्द होती कारण..." ती म्हणाली.

"कारण तिच्या पुढ्यात खरंच कुणी बोलत नव्हतं."

"पुस्तकं म्हणत होती तसं."

"होय."

"तुम्ही मुक्याला बोलतं केलंत, मामा."

"म्हशीसारखं," मी म्हणालो. वेळ चुकली होती.

तिनं ठोक्यांचं बटण बंद केलं. मग म्हणाली, "आणि हे तुमच्या लक्षात कधी आलं?"

"आत्ताच," मी म्हणालो. "तुमच्या तोंडून ऐकलं तेव्हा."

तिनं माझ्याकडं लागतं त्याहून जरा जास्त वेळ बघितलं. "बरं," म्हणाली. आणि मग स्टुलावर बसता बसता, अगदी हळू: "त्रेचाळीस, मामा."

त्या आवाजाची जवारी काढायची सोय नव्हती.

मी म्हणालो, "ताई, असं करू. मी स्क्रू अर्धा आटा मागं घेतो. परवा डोंगर दिसणार नाही. यंत्र बिघडलं म्हणू. परीक्षा पुढं जाईल. तोवर काहीतरी सुचेल."

"आणि परवाचा उंदीर? चव्वेचाळिसावा? त्याला काय सांगून मारू?"

"मग स्क्रू आहे तसा राहू दे. डोंगर दिसेल. पदवी मिळेल. कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय," ती म्हणाली. "आधी सरांना सांगायला हवं."

"मी सांगतो. हात माझा होता."

सर खोलीत एकटेच होते, परीक्षेच्या दिवशीचा पांढरा सदरा अंगावर धरून आरशात बघत होते. मी उभा राहिलो, घसा साफ केला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच एखादी गोष्ट मीठमसाला न लावता सांगितली. तंबोरा, बद्द तार, अर्धा आटा, मीठपाणी. दोन मिनिटांत संपली. एवढी छोटी गोष्ट मी कधी सांगितलेली नव्हती, आणि हेच बहुधा चुकलं.

सर हसले. खो खो हसले. "गुरव, म्हशीची गोष्ट यापेक्षा बरी होती."

"सर, शालनताईंनी कागद काढलाय."

सरांचं हसू थांबलं. चेहरा मात्र हसराच राहिला, कुणीतरी काढायचा विसरल्यासारखा. सदरा त्यांनी सावकाश खुर्चीच्या पाठीवर टाकला.

"पोरगी परीक्षेपुढं घाबरलीय. होतं असं. आणि तुम्हाला थापा मारायची सवय आहे. हो की नाही?"

"आहे, सर."

"मग झालं तर." ते खिडकीपाशी गेले. पाठ माझ्याकडं करून म्हणाले, "आणि हे बघा, परवापर्यंत यंत्राला हात लावायचा नाही. एकही स्क्रू हलता कामा नये. आहे तसं राहू दे."

"म्हणजे पटलं तुम्हाला, सर."

"काय पटलं?"

"काही नाही," मी म्हणालो आणि बाहेर आलो.

शालन जिन्यात उभी होती. मी तिला सगळं सांगितलं, सरांनी पाठ फिरवली तेसुद्धा. तिनं कठड्यावर बोटं वाजवली. टक, टक, टक.

"हात लावू नका म्हणाले?"

"हो."

"मग नकाच लावू," ती म्हणाली. "आपण सरांचं ऐकू या."

परीक्षेच्या दिवशी देशकर आले. ठेंगणे, गोल, खिशात सुपारीचा डबा. मला वाटलं होतं वाघ असेल. हे तर देवळापुढचे नारळवाले निघाले. शालनला म्हणाले, "काय बाई, घाबरून राहिली का? घाबरू नको. मले फक्त तुमचा थर बघायचा आहे. लय दिवसांपासून इच्छा होती."

सगळं मांडलेलं होतं. बशीवर काचेचं झाकण, झाकणावर वाफ धरलेली, आत बुडबुडे. स्पीकर मी शालनच्या सांगण्यावरून काढून ठेवला होता. सरांनी भुवई उंचावली, ती म्हणाली, "खरखरतोय सर, उगाच व्यत्यय नको." सरांना तेवढं पुरलं. त्या दिवशी त्यांना सगळंच पुरत होतं.

ठोके सुरू झाले. प्रिंटर करकरला. कागद बाहेर आला आणि तिघंही त्यावर वाकले, सर, देशकर आणि मी. मी का वाकलो हे मला माहीत नाही. गर्दी दिसली की माणूस वाकतो.

अकराला डोंगर.

"वा!" देशकर म्हणाले. "काय ठसठशीत आहे हो! डॉक्टर मोघे, आमच्याकडं एवढा सुंदर येत नाही."

सरांनी मान वर केली. "तुमच्याकडं म्हणजे?"

"म्हणजे काय? आम्हीही हा थर पाहिला ना! तुमचा लेख आला अन् आम्ही मागंच लागलो. सुरुवातीला काही केल्या दिसेना. मग आमच्या लॅबमधल्या पोट्ट्यानं यंत्र नीट करून घेतलं, अन् दिसायला लागला. पण तुमचे मिरजेचे उंदीर जास्त बोलके आहेत, हे मान्य करतो."

सरांचा चेहरा असा उजळला की मला खरंच भरून आलं. दुसऱ्या शहरात, दुसऱ्या यंत्रावर, दुसऱ्या माणसांना दिसलेला थर! म्हणजे गुरवाची खरोखरच थाप. त्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि त्या नजरेत क्षमा होती. मला माझ्या थापेबद्दल त्यांनी क्षमा केली होती.

"उंदीर किती वयाचा आहे हो?" देशकरांनी विचारलं.

"दहा आठवड्यांचा," शालन म्हणाली.

"चकती किती वेळापासून जगून राहिली?"

"चकती त्याच्या डोक्यात आहे, सर."

बुडबुडे तेवढे बोलत होते.

"काय म्हणतेस, शालन?" मोघेसर म्हणाले.

"उंदीर पिंजऱ्यात आहे, सर. काकडी खातोय. आज मी त्याला मारला नाही." शब्द नीट येत होते, पाठ केल्यासारखे. "बशीत फक्त मीठपाणी आहे. झाकण काढून बघा."

देशकरांनी झाकण काढलं. चष्मा कपाळावर चढवून इतके वाकले की नाकाचा शेंडा पाण्याला टेकला. मग हळूहळू सरळ झाले. नाकावरचा थेंब पुसायचंही त्यांना भान नव्हतं.

"बाप्पा," म्हणाले.

मग शालननं सगळं मांडलं. मांडव, तिखट कान, अर्धा आटा. माझं नाव घेतलं नाही. "जुळवणीत एका वाहिनीचा जोर वाढला" एवढंच म्हणाली. मीच पुढं झालो आणि म्हणालो, "तो हात माझा, साहेब."

देशकरांनी माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता निघणार वाघ. पण ते खुर्चीत बसले, सुपारीचा डबा काढला, उघडला, तसाच मिटला. "गुरव, तुम्ही कोणता स्क्रू फिरवला ते दाखवा बरं मले," अगदी बारीक आवाजात म्हणाले. मी दाखवला. "हं. आमच्या पोट्ट्यानंही हाच फिरवला असन. त्याले तर मीच म्हटलं होतं, दिसेपर्यंत नीट कर म्हणून."

मोघेसर खिडकीपाशी उभे होते. परवा जसे उभे होते तसेच, पाठमोरे.

"यावर पदवी देता येत नाही, बाई," देशकर म्हणाले. "तुमचा प्रबंध चूक आहे."

"हो, सर," शालन म्हणाली.

"पण ही जी चूक आहे ना, ती मोठी कामाची आहे. सोळातला एक जण किंचित मोठ्यानं बोलला की नसलेला माणूस कसा उभा राहतो, किती जोराला केवढा, त्याला पकडायचं कसं, हे कुणी लिहिलंच नाही. ते लिहा. दोन वर्षं घ्या. मीच येईन बघायला."

"त्याला उंदीर लागेल का, सर?"

देशकरांनी बशीकडं बोट केलं. "मीठ लागेल."

दुसऱ्या दिवशी सरांनी मला बोलावलं. एका रात्रीत पाच वर्षांनी म्हातारे झाले होते. मी सांगतोय म्हणून दोन धरा. "गुरव, तुम्ही मला सांगितलं होतंत."

"हो, सर."

"मग पटेल असं का नाही सांगितलंत?"

मी त्यांच्यासाठी चहा आणायला गेलो. एक सांगायला हवं, त्यांनी तो लेख चूक होता असं स्वतःच्या सहीनं छापून आणलं. ते मात्र फारसं कुणी वाचलं नाही. मोघे थर पुढं नऊ वर्षं एका पाठ्यपुस्तकात राहिला, मग तळटिपेत गेला, मग दिसेनासा झाला. म्हणजे सरांचं नाव पुस्तकात आलं ते आलंच.

शालनचा प्रबंध दोन वर्षांत झाला. एकही उंदीर लागला नाही. पोतं-दीड पोतं मीठ मात्र लागलं. विभागात येणारे लोक विचारायचे, इथं लोणचं घालता का? आणि या दोन वर्षांत तिनं त्रेचाळीस एकाशनं पुन्हा केली. मी म्हणालो, "ताई, ती झालीत की हो एकदा." तर म्हणाली, "ती शोधासाठी होती, मामा. ही उंदरांसाठी."

शेवटचं एकाशन ज्या दिवशी झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी ती आमच्या घरी आली, प्रबंधाची बांधलेली प्रत घेऊन. हिरानं कांदा-लसूण न घालता शेंगदाण्याची आमटी केली होती, आणि तिला अंधारायच्या आत जेवता यावं म्हणून पाचलाच ताटं मांडली. "मामी, आज दुसऱ्यांदा जेवतेय," ती म्हणाली, आणि पाटावर अशी बसली की पुन्हा उठायचं नाही.

मी प्रत चाळत होतो. इंग्रजी मला येतं ते आपल्या नावापुरतं. पण शेवटच्या पानांवर हात थांबला. तिथं इंग्रजी नव्हतं. माझ्याच वहीच्या एका पानाची झेरॉक्स होती.

वही लिहायची मला मामांच्या दुकानापासूनची सवय. कुठला तंबोरा, कुठली तार, काय केलं, तारीख. कॉलेजातही ठेवली होती, टेबलाच्या खणात, कुणी बघत नाही म्हणून उघडीच. पानावर वर तारीख होती, पहिल्या डोंगराच्या दिवसाची. तिच्याखाली माझ्या अक्षरात: *अकरावी बद्द. जवारी मोकळी केली. अर्धा आटा.*

आणि त्याच्याखाली, त्याच दिवशी संध्याकाळी, दुसऱ्या शाईनं: *सर खूश आहेत. अकरावीमुळेच. बोललो नाही.*

खाली तिनं छापलं होतं: आकृती एक.

ती आमटीत भाकरी कुस्करत होती. जशी काही जगात आमटीशिवाय दुसरं काही नाही.

"ताई," मी म्हणालो, "हे पान तुम्हाला कधी सापडलं?"

तिनं वर बघितलं नाही.

"आत्ताच, मामा," म्हणाली, आणि हिराकडं आणखी एक भाकरी मागितली.